सहसंबद्ध संयुगांची भूमिती आणि धातूचा आयन : वेर्नर यांच्या सिद्धांतापासून स्फटिक क्षेत्र सिद्धांतापर्यंत

गोषवारा

धातूच्या आयनाभोवती अमोनिया, पाणी, सायनाइड यांसारखे रेणू वा आयन ठरावीक संख्येने व ठरावीक दिशांना जोडले जाऊन बनणारी संयुगे म्हणजे सहसंबद्ध संयुगे. त्यांच्या रचनेचा उलगडा आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये केला. मात्र ही रचना धातूनुसार का बदलते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली. प्रस्तुत लेखात या साठ वर्षांचा, त्यातील वादांचा आणि पाठ्यपुस्तकांतून सहसा न येणाऱ्या कोलकात्यातील संशोधनाचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : सहसंबद्ध संयुगे, धातूआयन, लिगंड, अष्टफलक, चुंबकीय गुणधर्म, स्फटिक क्षेत्र सिद्धांत.

प्रस्तावना

पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी हजारो विद्यार्थी एक साधा प्रयोग करतात. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात भरपूर अमोनिया घातला की द्रावण गडद निळे होते. निकेलच्या हिरव्या द्रावणात तोच अमोनिया निळसर जांभळी छटा आणतो. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात प्रथम पांढरा अवक्षेप येतो, अधिक अमोनिया घालताच तो विरघळतो, परंतु द्रावण रंगहीनच राहते. लिगंड तिन्ही ठिकाणी एकच आहे. बदलला आहे तो केवळ धातूचा आयन. आवर्त सारणीत तांबे, निकेल आणि जस्त एकमेकांच्या शेजारी आहेत, त्यांच्या द्विभारी आयनांच्या आकारमानातही फारसे अंतर नाही. असे असताना एवढा फरक कशामुळे पडतो ?

रसायनशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न आश्चर्य वाटावे इतक्या उशिरा विचारला गेला. एकोणिसाव्या शतकातील संशोधकांचे सारे लक्ष धातूभोवती काय जोडले गेले आहे व कशा क्रमाने, याकडे होते. धातू हा त्यांच्या दृष्टीने एक खुंटी होती, तिला इतर रेणू टांगलेले असत. वेर्नर यांनी या खुंटीला दिशा दिल्या, पण ती खुंटीच राहिली.

वेर्नरपूर्व काळ आणि साखळीचा सिद्धांत

कोबाल्टच्या क्षारांची अमोनियाशी होणारी क्रिया अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लोकांच्या नजरेत आली होती. १८५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये फ्रेमी यांनी आणि अमेरिकेत गिब्ज व गेंथ यांनी या क्षारांचा पद्धतशीर अभ्यास केला. रचना ठाऊक नसल्याने क्षारांना नावे पडली ती रंगांवरून : पिवळा तो ल्युटिओ, जांभळट तांबडा तो परप्युरिओ, हिरवा तो प्रासिओ, जांभळा तो व्हायोलिओ. एका अर्थाने ही नावे फार अचूक होती. कारण पुढे याच रंगांनी धातूच्या अंतरंगाची वाट दाखविली.

स्वीडनचे ब्लोमस्ट्रांड यांनी १८६९ मध्ये अशी कल्पना मांडली की, कार्बनाचे अणू जसे एकमेकांना जोडून साखळी बनवितात तसे अमोनियाचे रेणूही साखळी करतात आणि तिच्या टोकाला क्लोरीन असतो. कोपनहेगनचे सोफस माड्स यॉर्गेनसेन (१८३७-१९१४) यांनी ही कल्पना स्वीकारली, सुधारली व तिच्या आधारे असंख्य संयुगे तयार केली. धातूशी थेट जोडलेला क्लोरीन सिल्व्हर नायट्रेटने अवक्षेपित होत नाही, साखळीच्या टोकाचा मात्र होतो, हा त्यांचा खुलासा होता. सहा अमोनिया असलेल्या कोबाल्ट क्षारातील तीनही क्लोरीन, पाच असलेल्यातील दोन आणि चार असलेल्यातील एक अवक्षेपित होतो, ही निरीक्षणे या खुलाशात व्यवस्थित बसत होती.

यॉर्गेनसेन यांचे नाव आज पराभूत पक्षाचे म्हणूनच घेतले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. वेर्नर यांनी १८९३ मध्ये सिद्धांत मांडला तेव्हा या क्षेत्रात त्यांचे स्वतःचे प्रायोगिक काम नव्हते. त्यांनी वापरलेली बहुतेक सामग्री यॉर्गेनसेन यांच्या प्रयोगशाळेतून आलेली होती.

वेर्नर यांचा सिद्धांत

वेर्नर यांचा जन्म १२ डिसेंबर १८६६ रोजी आल्सेस प्रांतातील म्युलहाउस येथे झाला. सिद्धांताचा निबंध प्रसिद्ध झाला त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. पहाटे दोन वाजता जाग आली, उत्तर सुचले आणि सायंकाळी पाचपर्यंत निबंध लिहून झाला, अशी हकिकत त्यांच्याविषयी सांगितली जाते.

धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राथमिक संयुजा विद्युतभाराशी संबंधित, तर दुय्यम संयुजा ठरावीक संख्येची आणि अवकाशात ठरावीक दिशांना रोखलेली. कोबाल्टाभोवती सहा जागा असतात. अमोनियाचा एक रेणू कमी झाला की त्याची जागा क्लोरीन घेतो व तो आयनरूपाने मोकळा होऊ शकत नाही. साखळीची गरजच उरत नाही. तीन अमोनिया असलेल्या प्रकारात दोन्ही सिद्धांतांची भाकिते वेगळी होती : साखळीनुसार एक क्लोरीन अवक्षेपित व्हायला हवा, वेर्नर यांच्यानुसार एकही नाही. मिओलाती यांच्यासह वेर्नर यांनी १८९३-९४ मध्ये विद्युत संवाहकता मोजली आणि ती या टप्प्यावर जवळजवळ शून्याला येते असे दाखविले. पुढे इरिडियमच्या तीन अमोनिया असलेल्या क्लोराइडातून क्लोरीनचा अवक्षेप येत नाही, हे दाखवून दिले ते स्वतः यॉर्गेनसेन यांनीच. आपल्या सिद्धांताला प्रतिकूल निष्कर्ष त्यांनी दडविला नाही.

सहा जागांची मांडणी कशी असावी ? सपाट षटकोन, त्रिकोणी चिती आणि अष्टफलक हे तीन पर्याय होते. चार लिगंड एका प्रकारचे आणि दोन दुसऱ्या प्रकारचे असल्यास षटकोन व चिती यांत प्रत्येकी तीन समघटक संभवतात, अष्टफलकात दोनच. प्रत्यक्षात दोनपेक्षा अधिक कधी सापडले नाहीत. चार अमोनिया व दोन क्लोरीन असलेल्या कोबाल्ट क्षाराचा हिरवा समघटक माहीत होता, जांभळा मात्र मिळत नव्हता. तो वेर्नर यांनी १९०७ मध्ये मिळविला आणि यॉर्गेनसेन यांनी आपला विरोध मागे घेतला.

तरीही ‘तिसरा समघटक सापडला नाही’ हा नकारार्थी पुरावा होता. होकारार्थी पुरावा १९११ मध्ये आला. वेर्नर यांचे अमेरिकन विद्यार्थी व्हिक्टर किंग यांनी इथिलीनडायअमाइन असलेल्या कोबाल्ट क्षाराचे डावे व उजवे, म्हणजे परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेले, प्रकाशीय समघटक वेगळे केले. अष्टफलकी रचनेत असे समघटक असायलाच हवेत, हे भाकीत खरे ठरले. प्रकाशीय क्रियाशीलता ही कार्बनाची मिरास आहे असे मानणाऱ्यांसाठी १९१४ मध्ये वेर्नर यांनी कार्बनाचा एकही अणू नसलेले, चार कोबाल्ट अणूंचे संयुगही विभक्त करून दाखविले. तत्पूर्वी १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते.

कोबाल्टची निवड

या यशोगाथेत एक गोष्ट नजरेआड राहते. वेर्नर व यॉर्गेनसेन या दोघांचेही काम प्रामुख्याने त्रिभारी कोबाल्ट, त्रिभारी क्रोमियम, प्लॅटिनम यांसारख्या मोजक्या धातूंवर झाले. तांबे, जस्त किंवा द्विभारी निकेल यांचे समघटक त्यांनी वेगळे केले असते तर ? ते वेगळे झालेच नसते. याचे कारण १९५२ मध्ये हेन्री टाउबे यांनी विशद केले. काही धातूआयन आपले लिगंड अतिशय हळू बदलतात, काही क्षणार्धात. त्रिभारी क्रोमियमभोवतीचा पाण्याचा रेणू बदलण्यास काही दिवस लागतात, द्विभारी तांब्याभोवतीचे रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा बदलू शकतात. अशा तांब्याचे दोन समघटक बाटलीत भरून नावे चिकटविण्यापूर्वीच एकमेकांत मिसळून जातील.

टाउबे यांनी हा फरक आयनाच्या अंतर्गत इलेक्ट्रॉनरचनेशी जोडला. त्रिभारी कोबाल्टात सहा व त्रिभारी क्रोमियमात तीन डी-इलेक्ट्रॉन असतात आणि ही दोन्ही संख्या अष्टफलकी मांडणीला विशेष स्थैर्य देतात. वेर्नर यांचा सिद्धांत धातूच्या स्वरूपाविषयी मौन बाळगतो, पण तो सिद्ध होऊ शकला तो धातूच्या स्वरूपामुळेच. टाउबे यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

चार जागांचे कोडे

सहा जागांच्या बाबतीत अष्टफलक बहुतेक धातूंना लागू पडला. चार जागांच्या बाबतीत मात्र धातूंचे मतभेद उघडे पडले. प्लॅटिनमच्या दोन अमोनिया व दोन क्लोरीन असलेल्या संयुगाचे दोन प्रकार १८४० च्या दशकातच पेरोने आणि रेझे यांच्या कामातून माहीत झाले होते. चतुष्फलकात असे दोन प्रकार संभवत नाहीत. त्यावरून वेर्नर यांनी १८९३ मध्येच प्लॅटिनमची रचना चौरस व सपाट असल्याचे अनुमान काढले. १९२२ मध्ये डिकिन्सन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पोटॅशियम क्लोरोप्लॅटिनाइटच्या स्फटिकात तसा चौरस पाहिला. जस्ताभोवतीचे चार लिगंड मात्र चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात.

निकेल दोन्हीकडे आढळतो, हीच खरी अडचण होती. चार सायनाइड जोडलेला निकेल चौरस प्रतलात असतो. चुगाएव्ह यांनी १९०५ मध्ये शोधलेला, आजही निकेलच्या भारमापनासाठी वापरला जाणारा डायमिथिल ग्लायॉक्झिमचा लाल अवक्षेपही तसाच. चार क्लोराइड जोडलेला निकेल मात्र चतुष्फलकी असतो. धातू तोच, भार तोच, लिगंडांची संख्याही तीच.

लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये या कोड्याला प्रथमच इलेक्ट्रॉनांच्या भाषेत उत्तर दिले. धातूचे कक्षक संकरित होऊन दिशा ठरवितात आणि कोणते कक्षक वापरले गेले याची साक्ष चुंबकीय गुणधर्म देतात, असे त्यांचे म्हणणे होते. सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असलेला, म्हणजे प्रतिचुंबकीय निकेल चौरस असावा, दोन सुटे इलेक्ट्रॉन असलेला समचुंबकीय निकेल चतुष्फलकी असावा. चुंबकीय तराजूवर पदार्थ तोलून रेणूचा आकार सांगता येतो, ही कल्पना विलक्षण आकर्षक होती. पुढील पंचवीस वर्षे तिचे अधिराज्य राहिले.

आणि त्या काळात तिने काही चुकाही पक्क्या केल्या. निकेलचे ॲसिटिलॲसिटोनेट समचुंबकीय आहे, म्हणून ते चतुष्फलकी असे धरले जाई. १९५६ मध्ये बुलन यांनी त्याची स्फटिकरचना पाहिली तेव्हा तेथे तीन निकेल अणूंचा समूह आढळला व प्रत्येक निकेलभोवती सहा ऑक्सिजन अष्टफलकात होते. समचुंबकीय म्हणजे ‘चौरस नव्हे’ एवढेच ठरत होते, ‘चतुष्फलकी’ हे ठरत नव्हते. ट्रायफिनिलफॉस्फिन जोडलेले निकेल क्लोराइड मात्र खरोखरच चतुष्फलकी आहे, हे वेनान्झी यांनी १९५८ मध्ये दाखविले. पाठ्यपुस्तकांतील उदाहरण खोटे ठरले, पण नियमाला एक खरे उदाहरण मिळाले.

स्फटिक क्षेत्र आणि कोलकाता

पॉलिंग यांच्या निबंधाच्या दोन वर्षे आधीच, १९२९ मध्ये, हान्स बेथे यांनी या प्रश्नाची गुरुकिल्ली प्रसिद्ध केली होती. स्फटिकात धातूच्या आयनाभोवती ऋणभारित शेजारी असतात. त्यांच्या विद्युत क्षेत्रामुळे आयनाच्या पाच डी-कक्षकांची ऊर्जा सारखी राहत नाही. अष्टफलकी क्षेत्रात शेजाऱ्यांकडे थेट रोखलेले दोन कक्षक वर जातात व शेजाऱ्यांच्या मधल्या दिशांना असलेले तीन खाली येतात. व्हॅन व्लेक यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना चुंबकीय गुणधर्मांना लावली आणि सहसंयुजी बंधाशी तिची सांगडही घातली. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र सुमारे वीस वर्षे तिकडे पाहिले नाही. बेथे यांचा निबंध भौतिकीच्या नियतकालिकात व गटसिद्धांताच्या भाषेत होता. पॉलिंग यांचे संकरित कक्षक फळ्यावर खडूने काढता येत. विज्ञानातही सुलभता पुष्कळदा सत्यापेक्षा लवकर पोहोचते, असे येथे म्हणावे लागते.

याच वर्षांत कोलकात्यात या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला गेला. कार्यमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन १९३३ मध्ये ढाक्याहून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत आले. एकच स्फटिक वेगवेगळ्या दिशांना धरला असता त्याचे चुंबकत्व किती बदलते, हे अत्यंत काटेकोरपणे मोजण्याच्या पद्धती त्यांनी व शांतिलाल बॅनर्जी यांनी विकसित केल्या. धातूच्या आयनाभोवतीचे क्षेत्र सर्व दिशांना सारखे नसल्याचा तो थेट पुरावा होता. मोरचुदाची स्फटिकरचना बीव्हर्स व लिप्सन यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्याशी चुंबकीय मोजमापांचा मेळ कृष्णन व ए. मुखर्जी यांनी १९३६ व १९३८ मधील निबंधांतून घातला.

मोरचूद हे उदाहरण मुद्दाम थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. त्यात प्रत्येक तांब्यामागे पाण्याचे पाच रेणू असतात, पण तांब्याला जोडलेले असतात चारच, तेही एका चौरसात, सुमारे २ अँगस्ट्रॉम अंतरावर. पाचवा रेणू तांब्याला जोडलेलाच नसतो. चौरसाच्या वर व खाली सल्फेटचे ऑक्सिजन असतात, मात्र सुमारे २.४ अँगस्ट्रॉम इतके दूर. अष्टफलक ओढून लांबविल्यासारखा होतो. द्विभारी तांब्यात नऊ डी-इलेक्ट्रॉन असल्याने वरच्या दोन कक्षकांत तीन इलेक्ट्रॉन येतात आणि वाटणी असमान होते. अशी असमान वाटणी असलेली सममित रचना टिकत नाही, ती विकृत होऊन ऊर्जा कमी करते, हे यान व टेलर यांनी १९३७ मध्ये सिद्ध केले. निकेलात आठ इलेक्ट्रॉन, वर दोन, प्रत्येकी एक. म्हणून सहा पाणी असलेला निकेलचा अष्टफलक सरळ राहतो. प्रस्तावनेतील प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

दुसरी बाजू रसायनाची होती. प्रफुल्लचंद्र राय यांचे शिष्य प्रियदारंजन राय (१८८८-१९८२) यांनी बायग्वानाइड या लिगंडाची अनेक धातूंशी संयुगे बनविली आणि १९६१ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये त्यांचा विस्तृत आढावा घेतला. १९४४ मध्ये त्यांनी इथिलीन-बिसबायग्वानाइडच्या साहाय्याने चांदीला त्रिभारी अवस्थेत स्थिर केले. एरवी चांदी एकच भार पसंत करते. ही त्रिभारी चांदी प्रतिचुंबकीय आहे आणि तिची रचना चौरस प्रतलाची. तिच्यात डी-इलेक्ट्रॉन आठ, म्हणजे द्विभारी निकेल, पॅलेडियम व प्लॅटिनम यांच्याइतकेच. मूलद्रव्य निराळे, भार निराळा, परंतु इलेक्ट्रॉनसंख्या तीच आणि भूमितीही तीच. धातूचे नाव नव्हे, तर त्याची इलेक्ट्रॉनसंख्या भूमिती ठरविते याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो अभावानेच आढळतो.

रंग, स्थैर्य आणि रक्त

१९५१ मध्ये इल्से व हार्टमान यांनी त्रिभारी टायटॅनियमच्या जांभळ्या द्रावणाचा शोषण वर्णपट स्फटिक क्षेत्राच्या आधारे उलगडला. टायटॅनियमच्या या आयनात एकच डी-इलेक्ट्रॉन आहे. तो खालच्या कक्षकातून वरच्या कक्षकात जाताना सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. जस्ताचे दहाही इलेक्ट्रॉन जागेवर बसलेले, हलण्यास मोकळी जागा नाही, म्हणून ते रंगहीन. प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे.

पुढील वर्षी ऑर्गेल यांनी कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या द्विभारी आयनांच्या जलयोजन ऊर्जेकडे लक्ष वेधले. कॅल्शियम, मँगॅनीज व जस्त एका सौम्य चढत्या रेषेवर येतात, मधले सर्व आयन तिच्या वर उंचावतात. शून्य, पाच व दहा इलेक्ट्रॉन असताना क्षेत्राचा फायदा मिळत नाही, इतरांना मिळतो. अर्व्हिंग व विल्यम्स यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थैर्याचा क्रम, मँगॅनीजपासून तांब्यापर्यंत चढणारा व जस्ताला उतरणारा, यामुळे बऱ्याच अंशी समजला.

धातू एका स्तंभात खाली सरकला की काय होते तेही आकड्यांत सांगता आले. सहा अमोनियांच्या क्षेत्रात कक्षकांतील अंतर त्रिभारी कोबाल्टासाठी सुमारे २३,०००, ऱ्होडियमसाठी ३४,००० व इरिडियमसाठी ४१,००० प्रतिसेंटिमीटर इतके असते. म्हणूनच चार क्लोराइडांच्या सहवासात निकेल चतुष्फलकी राहतो, पॅलेडियम व प्लॅटिनम मात्र चौरस होतात. या फरकाचे परिणाम प्रयोगशाळेबाहेरही पोहोचले. पेरोने यांच्या संयुगाची पेशीविभाजन रोखण्याची क्षमता बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये आढळली आणि सिसप्लॅटिन या नावाने ते १९७८ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील औषध म्हणून संमत झाले. त्याचाच दुसरा समघटक या कामी निरुपयोगी आहे. तसेच प्लॅटिनमऐवजी पॅलेडियम घेतले तर रचना तीच राहते, पण लिगंड सुमारे लाखपट वेगाने सुटतात आणि औषध इष्ट स्थळी पोहोचण्याआधीच विघटित होते.

रक्ताचे उदाहरण याहून जुने आहे. ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिनातील लोह समचुंबकीय, तर ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन प्रतिचुंबकीय असते, हे पॉलिंग व कोरिएल यांनी १९३६ मध्ये मोजले. सुटे इलेक्ट्रॉन असलेला लोहाचा आयन आकाराने थोडा मोठा असतो व वलयाच्या प्रतलाबाहेर राहतो. ऑक्सिजन जोडला की तो आकसून प्रतलात येतो आणि ही हालचाल साऱ्या प्रथिनाला हलविते, असे पेरुट्झ यांनी १९७० मध्ये मांडले.

नाकारलेली भूमिती

वेर्नर यांनी त्रिकोणी चिती नाकारली ती कोबाल्टाच्या समघटकांची गणती करून. ती गणती बिनचूक होती. परंतु कोबाल्टाचा निकाल सर्व धातूंचा निकाल मानला गेला. १९४३ मध्ये प्रियदारंजन राय व एन. के. दत्त यांनी कोबाल्टाच्या बायग्वानाइड संयुगाचा डावा प्रकार उजव्यात कसा बदलतो याचा अभ्यास केला. कोणताही बंध न तुटता तीन लिगंड पिळले जातात व अष्टफलक क्षणभर त्रिकोणी चितीच्या रूपातून जातो, असा मार्ग त्यांनी सुचविला. आज तो ‘राय-दत्त पीळ’ म्हणून ओळखला जातो. ज्या कोबाल्टाच्या आधारे चिती बाद ठरली होती, त्याच कोबाल्टाच्या वाटेवर ती मुक्कामापुरती परत आली.

१९६५ मध्ये आयझेनबर्ग व आयबर्स यांनी ऱ्हेनियमच्या, गंधकाद्वारे जोडले जाणारे तीन लिगंड असलेल्या संयुगाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. सहा गंधक अणू धातूभोवती अष्टफलकात नव्हते. ते त्रिकोणी चितीच्या सहा कोपऱ्यांवर होते. वेर्नर यांचा निबंध प्रसिद्ध होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.